चिरंजीव तो, डाकीण ती

(सारंगखेडा, ता. शहादा येथे दत्तजयंतीच्या यात्रेच्या दिवसांत झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. शब्दांकन करताना बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रकात माझ्या सत्राचा विषय 'भीतीचं नाटक आणि बाईचं वेड' असा छापला आहे. काल जेवताना दोघी-तिघींनी मला सरळ विचारलं, की बाकीची सत्रं पोटगी, रेशन, वनजमीन, पंचायत यांवर आहेत, मग हे भुताखेताचं नाटक मध्येच कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की आपल्या गावांत भीती हीसुद्धा एक सत्ता आहे. बाईनं तिन्हीसांजेला नदीवर जाऊ नये, ओल्या बाळंतिणीनं उंबरा ओलांडू नये, अमक्या बाईच्या हातचं ताक पिऊ नये, हे नियम कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाहीत. तरी ते पाळले जातात. पोलीस नसताना पाळले जातात. ज्या सत्तेला पोलीस लागत नाही, तिच्याकडे आपण लक्ष द्यायला हवं.

इथून थोड्या अंतरावर यात्रा भरली आहे. घोडे आहेत, पाळणे आहेत, मौत का कुआँ आहे, तमाशाचे तंबू आहेत. लोक तिकीट काढून घाबरायला जातात. त्या घाबरण्यात मजा असते, कारण तंबूतून बाहेर आलं की भीती संपते. पण जिला गावानं डाकीण ठरवलं, किंवा सासरच्यांनी वेडी ठरवलं, तिची भीती तंबूबाहेर सुरू होते आणि ती संपत नाही. आमच्या पथकानं या न संपणाऱ्या भीतीवर नाटक केलं. त्याबद्दल मी बोलणार आहे.

आपल्या चळवळीला नाटक नवीन नाही. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ साली आणलं, आणि गाणी, विनोद, फटकारे यांच्या जोरावर ते महाराष्ट्रभर फिरलं. आपण सगळ्याच त्या वाटेनं शिकलो. हुंड्यावर, दारूवर, मारहाणीवर आपण लोकांना हसवत हसवत बोलतं केलं. वेडाच्या विषयाला मात्र ही रीत लागू पडेना. गावात वेड्या माणसावर लोक आधीच हसतात. मंचावर कुणी वेडीचं सोंग घेऊन आलं की पहिल्या रांगेतली पोरं टाळ्या पिटतात. तिथे विनोद तिच्याच अंगावर जातो. म्हणून आम्ही ठरवलं, हसवायचं नाही, घाबरवायचं. फक्त लोक आजवर जिला घाबरत आले, तिला घाबरवायचं साधन करायचं नाही. भीतीचं तोंड फिरवायचं.

अश्वत्थामा आपल्या दारात

गोष्ट शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. आपल्याच जिल्ह्यात, अक्राणीच्या डोंगरात अस्तंभा आहे. धनत्रयोदशीपासून तिथे यात्रा निघते, माणसं अवघड डोंगर चढून जातात. तो डोंगर अश्वत्थाम्याचा. तो मेला नाही, मरू शकत नाही. कपाळावर मणी उपटून काढल्याची जखम घेऊन तो सातपुड्यात फिरतो आणि जखमेवर लावायला तेल मागतो, ही गोष्ट इथल्या प्रत्येक आजीला माहीत आहे. कुणी सांगतं, तो वाट चुकलेल्यांना वाट दाखवतो. याच तापीच्या वरच्या अंगाला, बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडावरही हीच गोष्ट सांगतात.

आम्ही पथकातल्या जणी गोल करून बसलो आणि ही गोष्ट एकमेकींना पुन्हा सांगितली. सांगता सांगता लक्षात आलं, की त्याला हा शाप का मिळाला ते आम्हाला नीट ठाऊकच नव्हतं. मग महाभारतातलं सौप्तिकपर्व काढून वाचलं. युद्ध संपल्यावर त्यानं रात्री छावणीत शिरून द्रौपदीची पाच मुलं झोपेत मारली. द्रौपदी अन्नपाणी सोडून बसली तेव्हा पांडव त्याच्या मागे निघाले. त्यानं अस्त्र सोडलं आणि ते पांडवांच्या बायांच्या गर्भांवर वळवलं. उत्तरेच्या पोटातलं मूल त्यानं मारलं. तेव्हा कृष्णानं त्याला शाप दिला, की तीन हजार वर्षं तू एकटा भटकशील, कुणी तुझ्याशी बोलणार नाही, अंगाला रक्त-पुवाचा वास येत राहील.

म्हणजे गुन्हा होता एका आईची झोपलेली मुलं मारण्याचा आणि एका गर्भारशीच्या पोटावर वार करण्याचा. ती द्रौपदी आणि ती उत्तरा लोककथेतून गळून गेल्या. उरला तो, त्याची जखम आणि आपली दया. आमच्यातली एक मावशी म्हणाली, "तेल कोण देतं? तेलाची बाटली घरात कुणाच्या हाताशी असते? बाईच्याच ना! म्हणजे ज्यानं बाईचं पोट फोडलं त्याच्या जखमेला तेलही बाईनंच लावायचं." त्या वाक्यावर आमचं नाटक उभं राहिलं.

मग दुसरी म्हणाली, "आणि तोच रात्री बाई होऊन आला तर?"

आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण उत्तर प्रत्येकीला माहीत होतं. झोप नाही, अंगाला वास, अंगावर जखम, रात्री-अपरात्री एकटी फिरते, दार वाजवते, स्वतःशी बोलते. पुरुष असा आला तर तो अश्वत्थामा, त्याच्या नावानं यात्रा. बाई अशी आली तर डाकीण. लक्षणं तीच आहेत, फक्त लुगडं नेसलेली आहेत.

सात चिरंजीव, बाई एकही नाही

सात चिरंजीव मोजून बघा. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम. सातही पुरुष. बाईला अमर होण्याचा आशीर्वाद कुणी देत नाही. तिला 'अखंड सौभाग्यवती भव' म्हणतात, म्हणजे नवऱ्यानं अमर व्हावं. लग्नपत्रिकेत मुलाच्या नावामागे 'चि.', मुलीच्या नावामागे 'चि. सौ. कां.'. लग्न झालं की तिचं 'चि.' जातं आणि 'सौ.' राहतं. सावित्रीनं यमाकडून आयुष्य आणलं तेही नवऱ्याचं.

मग बाई मेल्यानंतर कुठे उरते? भुतांत. बाळंतपणात मेली तर हडळ, अळवंतीण. विहिरीत गेली तर त्या विहिरीवर दिसते. आम्ही पथकातल्या मुलींना सांगितलं, की आपापल्या गावातल्या भुतांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे ती कशानं मेली ते लिहा. जी यादी झाली ती बाळंतपणातल्या मृत्यूंची, जळाल्याची, विहिरीत पडल्याची. ज्या मृत्यूंचा तपास झाला नाही, ज्यांची कुठे नोंद नाही, त्या बाया भूत होऊन राहिल्या आहेत. गावाला त्यांची आठवण आहे. पण दोष कुणाचा हे विसरता यावं म्हणून ती आठवण भीतीच्या रूपात ठेवली आहे.

परदेशातही हा विषय रंगभूमीवर आला आहे. कारेल चापेक या चेक लेखकाचं 'माक्रोपुलोस प्रकरण' हे नाटक १९२२ साली प्राग शहरात झालं. त्यात तीनशेहून अधिक वर्षं जगलेली एक गायिका आहे. ती अमर कशी झाली? बादशहासाठी तिच्या बापानं आयुष्य वाढवण्याचं औषध केलं. बादशहा म्हणाला, आधी तुझ्या मुलीवर करून बघ. सोळा वर्षांची ती पोर. पुढे शेकडो वर्षं ती नावं बदलत जगते आणि तिला कशाचीच चव उरत नाही. शेवटी त्या औषधाचा कागद एक तरुण मुलगीच जाळून टाकते. औषध राजासाठी आणि प्रयोग मुलीच्या अंगावर. आपल्याला हे समजायला टीपा लागत नाहीत.

मराठी मंचावरचं वेड

मराठी नाटकानं वेड हाताळलं नाही असं नाही. वसंत कानेटकरांचं 'वेड्याचं घर उन्हात' १९५७ साली आलं आणि माणसाच्या मनाच्या आतल्या पडझडीवर नाटक होऊ शकतं हे त्यानं दाखवलं. जयवंत दळवींचं 'बॅरिस्टर' १९७७ साली विजया मेहतांनी बसवलं. घराण्यात चालत आलेलं वेड आणि विधवेचं केशवपन या दोन गोष्टी त्यात एकाच वाड्यात राहतात. एका घरात पुरुषाचं मन मोडतं आणि बाईचं डोकं भादरलं जातं, हे शेजारी शेजारी ठेवण्यात त्या नाटकाची ताकद आहे. धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' हे १९५४ सालचं हिंदी काव्यनाटक तर अश्वत्थाम्याचंच. फाळणीच्या कत्तलींनंतरच्या काळात लिहिलेलं. सत्यदेव दुबेंनी ते १९६२ साली मुंबईत केलं. त्यात अश्वत्थाम्याचा पशू कसा होतो ते अंगावर येतं. पण पात्रांची यादी पाहिली तर त्यात बाई एकच, गांधारी. जिच्या पोटावर अस्त्र पडलं ती उत्तरा यादीत नाही.

ही मोठी नाटकं आहेत आणि मी त्यांच्याकडून शिकले आहे. माझं म्हणणं इतकंच, की पुरुषाच्या वेडाला आपल्याकडे शोकांतिका मिळते. त्याला भूतकाळ असतो, स्वगत असतं. बाईचं वेड लोकांपुढे जास्त करून आलं ते मोकळ्या केसांत, पांढऱ्या साडीत, पैंजणांच्या आवाजात. सिनेमानं त्यात भर घातली. 'मणिचित्रताळ' हा मल्याळी सिनेमा १९९३ साली आला आणि २००७ साली त्यावरून 'भूलभुलैया' निघाला. तो तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिला असेल. त्यात घरातली शहाणी, समंजस बाई रात्री एका मेलेल्या नाचणारणीच्या नावानं ओरडते. जो राग तिला स्वतःच्या नावानं काढता येत नाही तो दुसरीच्या नावानं निघतो. आपल्याकडे बायांच्या अंगात येतं तेव्हाही हेच होतं. नवऱ्याला अरे-तुरे करायची परवानगी देवीला आहे, बाईला नाही.

आम्ही नाटक कसं रचलं

नाटकात एक घर आणि एक दार. बाहेरचं काही दिसत नाही.

पहिल्या भागात रात्र आहे. घरात सासू, मुलगा, आठ दिवसांची ओली बाळंतीण सून. दारावर थाप पडते. पुरुषाचा आवाज अहिराणीत म्हणतो, "माले तेल दे वं माय." सगळे घाबरतात. मग सासू ओळखते, हात जोडते, वाटीभर तेल उंबऱ्यावर ठेवते. सकाळी वाटी रिकामी. घरात आनंद होतो, देव दारी आला म्हणून गावभर सांगतात.

दुसऱ्या भागात तीच वेळ, तीच थाप, तेच शब्द. आवाज बाईचा. पहिल्यांदा तो फक्त सुनेला ऐकू येतो. तिला किती रात्री झोप नाही. बाहेर खरंच कुणी आहे, की तिच्या डोक्यात आवाज आहेत, हे प्रेक्षकाला कळत नाही. ती म्हणते, दार उघडा, बाहेर बाई आहे. मुलगा म्हणतो, बाहेर कुणी नाही. सासू म्हणते, बाहेर डाकीण आहे. दोघांचं म्हणणं वेगळं, पण दार बंद ठेवण्यावर दोघांचं एकमत. हळूहळू आवाज सगळ्यांना ऐकू येऊ लागतो. कुणी म्हणतं, ही मोठ्या भावाची विधवा, जिला हिस्सा मागितल्यावर काढून दिलं. कुणी म्हणतं, ती तर मेली. सून दाराकडे धावते. तिला ओढून आतल्या खोलीत कोंडतात. बाहेरची थाप थांबते. सगळे हुश्श करतात. मग थाप पुन्हा सुरू होते, आतल्या खोलीच्या दारावर. आतून. इथे कंदील विझतो.

मंचावर पांढरं तोंड नाही, सुटे केस नाहीत. बाहेरची बाई एकदाही दिसत नाही. थाप आम्ही प्रेक्षकांच्या मागून देतो, जुन्या फळीवर मुसळ मारून. पुरुष मागे उभे असतात, बाया पुढे बसलेल्या. थाप पडली की सगळ्या बाया वळून मागे बघतात. त्यांना दिसतात आपल्याच गावची माणसं. हा परिणाम आम्ही मुद्दाम साधला. हॅलोजन लावत नाही, एकच कंदील. दोन थापांमध्ये लांब शांतता ठेवतो. त्या शांततेत बाळ रडतं, कुणी खोकतं, ते सगळं नाटकात येतं.

सून बाळंतीण का, हेही सांगते. बाळंतपणानंतर हजारात एक-दोघींना तीव्र मानसिक आजार होतो. साधारण पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते, आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल विचित्र शंका येतात. वेळेवर औषधोपचार झाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात. पण नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे बाहेरची बाधा धरतात. दवाखान्याऐवजी भगताकडे नेतात, आणि आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. नाटकात आम्ही आजाराचं नाव घेत नाही. चर्चेत घेतो.

वाद झाले ते

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या एका तरुण मित्रानं तालमीला येऊन हरकत घेतली. म्हणाला, शेवटी कुणीतरी येऊन सांगायला हवं, की थाप म्हणजे वाऱ्यानं हलणारी फांदी होती, नाहीतर भुताला दुजोरा मिळतो. त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कामासाठी जीव दिला. पण आम्ही फांदी आणली नाही. चमत्कार उघडा पाडणं वेगळं. इथे दार वाजतं ते फांदीनं नाही. बाहेर खरंच बाई असते. तिला फांदी म्हणून सांगणं हेही दार बंद ठेवणंच झालं. भूत आहे की नाही, यापेक्षा दाराबाहेर कोण आहे हा आमचा प्रश्न आहे.

मनोविकारांवर काम करणाऱ्या एका डॉक्टरताईंनी दुसरी हरकत घेतली. त्या म्हणाल्या, भीती आणि मानसिक आजार मंचावर एकत्र आले की आजारी माणूस धोकादायक असतो हाच समज पक्का होतो. ही हरकत आम्ही मानली आणि तीन नियम केले. एक, आजारी व्यक्ती मंचावर कुणावर हात उचलणार नाही. दोन, ज्या तालुक्यात प्रयोग तिथल्या कुठल्याही बाईची खरी हकिगत नाटकात येणार नाही. तीन, दुसऱ्या दिवशी मदतीला कुठे जायचं हे माहीत असल्याशिवाय प्रयोग करायचा नाही. प्रयोगाआधी सांगायचं, की हे नाटक घाबरवणारं आहे, कुणाला उठून जायचं असेल तर जावं. आणि आमच्या दोघी-तिघी प्रेक्षकांत बसणार.

त्या बसण्याचा उपयोग झाला. एका प्रयोगात आतल्या दारावर थाप पडली आणि एका बाईच्या अंगात आलं. नाटक थांबवलं नाही, कंदीलही वाढवला नाही. आमच्या दोघी तिच्याजवळ सरकल्या, हात धरून बसल्या, पाणी दिलं, कोण आलंय असं विचारलं नाही. ती शांत झाली. सगळे पांगल्यावर ती म्हणाली, "मला झोप लागत नाही. लई दिवस झाले." एवढंच. आजवर तिला सगळ्यांनी अंगात कोण येतं ते विचारलं होतं. झोप लागते का, हे कुणी विचारलं नव्हतं.

सातबारा आणि डाकीण

आता जी गोष्ट सांगते तिच्यात गाव, तालुका, नाव काही सांगणार नाही.

एक विधवा, दोन एकर कोरडवाहू. दिराच्या मुलाला ताप आला, तो गेला. भगतानं हिच्याकडे बोट दाखवलं. पाणी भरणं बंद, मजुरी बंद, रात्री छपरावर दगड. आम्ही तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, तुमच्या गावात हे नाटक करतो. ती म्हणाली, "तुम्ही नाटक करून जाल. मी इथं राहणार." तिचं खरं होतं. आम्ही तिथे प्रयोग केला नाही. शेजारच्या गावच्या यात्रेत केला, जिथे तिच्या गावची माणसं येतात. तिचं नाव नाही, तिची गोष्ट नाही. पण नाटकातली विधवा हिस्सा मागते म्हणून काढली जाते, एवढं त्यात होतंच.

चर्चेत एक म्हातारा उठून म्हणाला, "डाकीण नेहमी जमीनवालीच कशी निघते?" हा प्रश्न आमचा नव्हता, त्याचा होता. नंतर तिच्या पाड्यातल्या तीन बाया तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात आल्या. तक्रार लगेच लिहून घेतली नाही, अर्ज ठेवून घेतला. आम्ही दुसऱ्या बाजूनं तलाठ्याकडे वारसनोंदीच्या मागे लागलो. हेलपाटे घालत सात महिने गेले. शेवटी फेरफार झाला, सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. त्यानंतर छपरावरचे दगड थांबले.

हा विजय आहे, पण पूर्ण नाही. तिच्या घरचं ताक अजून कुणी घेत नाही. लहान पोरं तिच्या अंगणातून जाताना पळतात. म्हणून मी म्हणते, आपल्या गोष्टीत अमर कुणी असेल तर तो शिक्का आहे. आजार बरा होतो, पंच विसरतात, भगत मरतो. वेडी, डाकीण हा शब्द मागे राहतो आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी पुन्हा दार वाजवतो.

शहरातल्या, शिकलेल्या घरांत हाच शिक्का कोर्टाच्या कागदावर येतो. सुनेला झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या की चिठ्ठ्या जपून ठेवतात, पुढे घटस्फोटाच्या अर्जाला जोडायला. आदिवासी पाड्यात हिंदू विवाह कायदा सहसा लागू नसतो, तिथे पंच बसतात. कागद वेगळा, रीत एकच.

हातात काय आहे

नाटकानंतर बाया विचारतात, मग करायचं काय? तेव्हा आपल्याजवळ उत्तर हवं. थोडक्यात सांगते.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, असं भासवून तिचं जगणं कठीण करणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. ठाण्यात कायद्याची प्रत सोबत घेऊन जा.

मानसिक आरोग्याचा कायदा आधी १९१२ चा वेड्यांचा होता, मग १९८७ चा आला, आता २०१७ चा आहे. त्यातल्या चार गोष्टी पाठ करा. मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळीनं बांधायला कलम ९५ नं बंदी आहे. आजारावर उपचार म्हणून नसबंदी करायलाही बंदी आहे. नुसता आजार आहे म्हणून कुणाला कायद्यानं वेडं ठरवता येत नाही, ते कोर्टानं ठरवावं लागतं. आणि आपल्या वतीनं निर्णय घेणारा प्रतिनिधी कोण, हे बाईला आधी लिहून ठेवता येतं. तो नवराच असला पाहिजे असं नाही. बहीण चालेल, मैत्रीण चालेल. ही तरतूद आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

घटस्फोटाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सांगितलं आहे, की आजाराला नुसतं नाव देऊन भागत नाही. तो इतक्या टोकाचा आहे की सोबत राहणं अशक्य व्हावं, हे सिद्ध करावं लागतं. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं दिला आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानसचा क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता अडचणही सांगते. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची. खानदेशात त्यांतलं एकही नाही. सातपुड्याच्या पाड्यावरून बाईला तिथवर न्यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी, भाडं आणि सोबत एक माणूस. भगत पाड्यावर आहे, रात्री हाक मारली तर येतो. त्याला शिव्या देऊन तो हटणार नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ठरावीक दिवशी मनोविकारांचा डॉक्टर आणि औषधं मिळाली पाहिजेत, ही मागणी आपल्या यादीत रेशनच्या बरोबरीनं यायला हवी.

याच शहाद्याच्या मातीत १९७२ नंतरच्या वर्षांत श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली. नवऱ्याचा मार, मालकाचा धाक, पोलिसाची भीती सगळं असताना फोडली. भीती त्यांना वाटत नव्हती असं नाही. त्या एकत्र गेल्या, म्हणून भीतीची वाटणी झाली. आमच्या नाटकाच्या चर्चेत मी बायांना शेवटी एकच गोष्ट विचारते, आणि तीच तुम्हाला विचारते. तुमच्या गावात रात्री थाप पडली आणि आवाज बाईचा आला, तर 'कोन शे?' एवढं विचारायला तुम्ही किती जणी बाहेर याल? एकटी येऊ नका. आधीच ठरवून ठेवा, तिघी कोण, कंदील कुणाचा, आणि सकाळी तिला घेऊन दवाखान्यात कोण जाणार.

नाटकाची संहिता आमच्याकडे लिहिलेली आहे. अहिराणीत आहे, तुमच्या बोलीत करून घ्या. ज्या गटांना हवी त्यांनी दुपारच्या सत्रानंतर माझ्याकडे नाव द्या. तीन नियम मात्र पाळायचे.